हरवलेल्या चमच्याची जोड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यासपीठावरून एका चमच्याविषयी बोलले जावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. विषय लहान आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु संसारात हरवतात त्या लहान वस्तूच. पलंग किंवा कपाट हरवल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. चमचा, वाटी, कुलपाची किल्ली, कुड्यांच्या जोडातील एक कुडी, यांचाच शोध घरोघरी चाललेला असतो. त्यातही जी वस्तू संचातील असते, तिचे हरवणे अधिक खुपते. सहांतील एक नग गेला, तर हिशेबाप्रमाणे पाच उरतात. परंतु घरातील गृहिणीला विचारले, तर ती सांगेल की संच गेला.

अशाच एका घराची ही हकिकत आहे. जिल्ह्याच्या गावी, भर पेठेत जुना वाडा असलेले ते कुटुंब. १९४७ साली तेथील एक इंग्रज अधिकारी मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या बंगल्यातील सामानाचा लिलाव झाला. कुटुंबातील त्या वेळचे कर्ते पुरुष लिलावास गेले होते ते लिहिण्याचे मेज घेण्यासाठी. मेजाची बोली आवाक्याबाहेर गेली आणि ते सहा चमचे घेऊन घरी परतले. घरात पुष्कळ हसे झाले. परंतु पुढे त्या चमच्यांनी आपले स्थान मिळविले. दिवाळीच्या पाडव्याला बासुंदीच्या वाट्यांबरोबर ते बाहेर निघत, नवा जावई प्रथम जेवावयास येई तेव्हा निघत आणि एरवी कपाटात विसावत. तीन पिढ्या हा क्रम चालला.

पुढे नातवाचे बारसे झाले. साठ-सत्तर पाने उठली. स्टीलचे चमचे अपुरे पडले म्हणून घरच्या सुनेने ते सहा चमचे काढून दिले. सायंकाळी मोजले तेव्हा पाच भरले. सहावा उष्ट्या पत्रावळींबरोबर गेला, हे उघड होते. कचऱ्याच्या गाडीपर्यंत माणूस धाडला. उपयोग झाला नाही.

सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी पाचही चमचे पुसून मलमलीच्या फडक्यात बांधले आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवून दिले. त्या वर्षी पाडव्याला बासुंदी झाली, पण वाट्यांबरोबर स्टीलचे चमचे आले. कोणी काही विचारले नाही. सासूबाई रागावल्या असत्या, तर सुनेला हलके वाटले असते. ते मौन मात्र तिला सोसवेना. आणि म्हणून तिने मनाशी ठरविले की, त्या चमच्याची जोड मिळवायचीच.

मुंबईत भेंडीबाजारालगत मटण स्ट्रीट नावाची गल्ली आहे. चोर बाजार या नावाने ती सर्वदूर ठाऊक आहे. मूळ नाव गलबल्यावरून शोर बाजार असे होते आणि त्याचे पुढे चोर बाजार झाले, असे सांगतात. शुक्रवारी तेथील दुकाने बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुन्या वस्तूंचा निराळा बाजार भरतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाची खेप वाया जाते. सुनेचीही पहिली खेप तशीच वाया गेली. दुसऱ्या खेपेला तिला एका दुकानात काट्या-चमच्यांनी भरलेली पेटी सापडली. तीतून तिने हुबेहूब वाटणारा एक चमचा निवडला, घासाघीस करून घेतला आणि आनंदाने घरी आली. फडके सोडून तो पाचांशेजारी ठेवला मात्र, तिचा चेहरा उतरला. पाचांच्या दांड्यांची टोके खाली, पाठीकडे वळलेली होती. नव्याचे टोक वर वळलेले होते. पाचांची पाठ सपाट होती. नव्याच्या पाठीवर मध्यभागी उंदराच्या शेपटीसारखी उभी रेघ उठलेली होती.

कापडाच्या व्यवसायातील श्रोत्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. साडीवर ब्लाऊजपीस हवे म्हणून भगिनी दुकानात येतात. रंग विचारला तर ‘डाळिंबी’ म्हणून सांगतात. दुकानात डाळिंबीच्या सात छटा असतात. साडी बरोबर आणली असेल, तर दहा मिनिटांत काम होते. आणली नसेल, तर आठवणीच्या भरवशावर नेलेले कापड दुसऱ्या दिवशी बदलावयास येते. स्मरणशक्ती रंगाचे नाव लक्षात ठेवते, रंग नव्हे. वस्तूंच्या बाबतीतही हेच घडते. साठ वर्षे घरात वापरलेल्या चमच्याचे टोक कोणत्या बाजूस वळते, हे त्या घरात कोणासही सांगता आले नसते.

आता सुनेने उरलेले पाच चमचे प्रथमच नीट न्याहाळले. दांड्याच्या पाठीमागे फडकत्या झेंड्याची लहानशी छाप होती व झेंड्यात दोन इंग्रजी अक्षरे होती. शेजारी ‘ई.पी.एन.एस.’ अशी चार अक्षरे उमटविलेली होती. या खुणांचा अर्थ समजण्यासाठी इंग्लंडमधील शेफील्ड या शहराची थोडी माहिती करून घेणे आवश्यक आहे.

सुऱ्या आणि काटे-चमचे यांसाठी शेफील्डची ख्याती फार जुनी. तेथील सुरीकारांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. १७४३ च्या सुमारास टॉमस बुल्सोव्हर या कारागिराने तांब्याच्या जाड पट्टीवर चांदीचा पातळ पत्रा उष्णतेने एकजीव करण्याची युक्ती शोधली. त्यामुळे चांदीचे रूप असलेली भांडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. हे दोघे चुलतभाऊ होते. मुलाम्याखालचा धातू म्हणून तांब्याऐवजी निकेल सिल्व्हर वापरले जाऊ लागले. यालाच आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात चांदी असली, तरी त्यात चांदीचा अंशही नसतो. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू होय. ई.पी.एन.एस. ही अक्षरे म्हणजे ‘विजेने मुलामा दिलेले निकेल सिल्व्हर’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. फडकत्या झेंड्याची छाप ही वॉकर अँड हॉल या शेफील्डच्या कंपनीची. जेम्स डिक्सन या दुसऱ्या कंपनीने तुतारीची छाप वापरली.

येथे ग्राहकाने एक सावधगिरी बाळगावी. अस्सल चांदीच्या इंग्रजी वस्तूवर चालत्या सिंहाची छाप असते. तिचा अर्थ हजार भागांत ९२५ भाग चांदी. शेफील्ड आणि बर्मिंगहॅम येथील कस लावणाऱ्या कचेऱ्या १७७३ साली स्थापन झाल्या. बर्मिंगहॅमची खूण नांगर ही होती. शेफील्डची खूण १९७४ पर्यंत मुकुट आणि १९७५ पासून गुलाब. मुलाम्याच्या वस्तू करणाऱ्यांनी आपली अक्षरे अशाच लहान लहान चौकटींत अशा रीतीने उमटविली की, अनभिज्ञ माणसास ती कसाची खूण वाटावी. चांदीचे म्हणून सांगितले गेले आणि अक्षरे ई.पी.एन.एस. निघाली, तर भाव मुलाम्याचाच द्यावा.

घाटांचीही नावे ठरलेली आहेत. ज्याचे टोक खाली वळते तो ‘ओल्ड इंग्लिश’. ज्याचे टोक वर वळते तो ‘हॅनोव्हेरियन’. दांडा व्हायोलिनसारखा असतो तो ‘फिडल’. शिंपल्यांची भरगच्च नक्षी असते तो ‘किंग्ज’. परंतु नाव कळले म्हणजे काम झाले, असे नव्हे. एकच घाट अनेक कंपन्यांनी घडविला आणि प्रत्येकीच्या साच्यात दांड्याची रुंदी, खांद्याचा उतार, खोलगट भागाचा आकार यांत किंचित फरक राहिला. पुन्हा मापेही निरनिराळी. चहाचा चमचा सुमारे साडेपाच इंच, डेझर्टचा सुमारे सात इंच आणि टेबलस्पून आठ इंचांच्या पुढे. म्हणजे कंपनी, घाट आणि माप ही तिन्ही जुळतील, तेव्हा जोड जुळणार. सुनेने टेपने मोजले. घरचे चमचे सात इंचांचे होते.

मोजता मोजता तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. चार चमच्यांच्या खोलगट भागाची कड डाव्या अंगाला किंचित झिजलेली होती. उजव्या हाताने खाणारा माणूस वाटीचा तळ त्या कडेने खरवडतो, म्हणून जुने चमचे बहुधा तिकडेच झिजतात. पाचवा चमचा मात्र उजव्या अंगाला झिजलेला होता. तिने तो सासूबाईंपुढे धरला आणि विचारले, “आई, हा एकच असा उलटा कसा झिजला?”

सासूबाईंनी चमचा हातात घेतला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मामंजींचा असेल गं. ते डावखुरे होते. जेवताना कोणी टोकू नये म्हणून चारचौघांत उजव्या हाताने जेवायचे. पण बासुंदी मात्र डाव्या हातानेच खायची, चमच्याने.” बारशानंतर त्या चमच्यांविषयी त्या प्रथमच बोलल्या होत्या. मग लिलावाची, हुकलेल्या मेजाची, घरात झालेल्या हशाची सारी हकिकत त्यांनी सुनेला सांगितली. सुनेला त्यातील काहीच ठाऊक नव्हते.

या ठिकाणी एका परदेशी गृहस्थाचा उल्लेख उचित ठरेल. कारण हरवलेल्या नगाच्या शोधाचा त्यांनी व्यवसायच केला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात बॉब पेज नावाचे हिशेब तपासनीस सरकारी नोकरीत होते. आठवड्याच्या सुटीत ते जुन्या बाजारांतून हिंडत. ओळखीची माणसे त्यांना सांगू लागली, “आमच्या संचातील अमुक बशी फुटली आहे, अमुक नक्षीची कोठे दिसली तर पाहा.” पेज प्रत्येकाची मागणी एकेका कार्डावर लिहून ती कार्डे पाककृतींच्या डबीत ठेवीत. १९८१ साली त्यांनी नोकरी सोडली आणि ग्रीन्सबरो येथे ‘रिप्लेसमेंट्स लिमिटेड’ ही कंपनी काढली. चिनी मातीची भांडी, काचेची पात्रे आणि काटे-चमचे यांचे एक कोटीहून अधिक नग आज तेथे साठविलेले आहेत. व्यापारी माणसाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही की, इतर दुकानदार आपल्याजवळ काय आहे याची वही ठेवतात. या गृहस्थांनी लोकांजवळ काय उणे आहे याची वही ठेवली.

अशा धंद्याची गरज का भासावी, याची कारणेही समजून घेतली पाहिजेत. १९१३ साली शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले आणि कालांतराने मुलाम्याचे चमचे मागे पडले. घाट बंद झाले. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसास ५० डॉलरच्या जवळ पोहोचला, तेव्हा पाश्चात्त्य देशांत अस्सल चांदीचे असंख्य संच मोडीत निघाले. एकदा मुशीत गेलेल्या चमच्याची जोड कोठून मिळणार? मुलाम्याच्या चमच्यांत मात्र चांदी इतकी थोडी की, त्यांना मोडीचा भाव येत नाही. पेढीवर ज्यांना किंमत नव्हती, तेच त्यामुळे वाचले.

तिसऱ्या खेपेला सून मुंबईस निघाली, ती पाचांपैकी एक चमचा रुमालात गुंडाळून. शिवाय चमचा कागदावर ठेवून तिने पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढली, मागील छाप नीट उतरवून घेतली, माप लिहिले आणि अशी दहा कार्डे तयार केली. मटण स्ट्रीटवरील एका वयस्क दुकानदाराने तो चमचा उलटसुलट पाहिला आणि तो म्हणाला, “बहनजी, आता मला शोधता येईल. मागच्या वेळी तुम्ही नुसते जुना चमचा, जुना चमचा म्हणत होता.” त्याने एक कार्ड आपल्या गल्ल्याच्या काचेखाली सरकविले. बाकीची कार्डे तिने इतर दुकानांत वाटली. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जो जुना बाजार भरत आला आहे, तेथेही ती दोनदा जाऊन आली. जहाजे मोडण्याचा उद्योग मुंबईत दारूखान्यास आणि १९८३ पासून गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चालतो. अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांतून जहाजांवरील भोजनगृहांचे काटे-चमचे मिळतात, असे समजल्यावरून भावनगरच्या एका नातलगाकडे तिने एक कार्ड टपालाने धाडले. तेथून आलेले चमचे जाड, जहाजकंपन्यांच्या चिन्हांचे निघाले. तेही परत गेले.

सव्वा वर्षाने मटण स्ट्रीटवरून एक पोस्टकार्ड आले. दोनच ओळी होत्या: झेंड्याचा चमचा आला आहे, महिनाभर ठेवतो. सून दुसऱ्याच दिवशी निघाली. कंपनी तीच, घाट तोच, माप तेच. मुलामाही बराच शाबूत होता. दुकानदाराने २२५ रुपये सांगितले आणि तिने, आयुष्यात प्रथमच, भाव न करता दिले. फरक एकच होता. दांड्याच्या पुढील बाजूस वळणदार ‘एच’ हे अक्षर कोरलेले होते; कोण्या परक्या घराचे. तिने ते पुसून मिळेल का, असे विचारले. दुकानदार म्हणाला, “पुसता येते, पण अक्षराबरोबर मुलामाही जातो. मग नवा मुलामा द्यावा लागतो. तो इतका चकाकेल की, तुमच्या पाचांत हा एकटाच वेगळा दिसेल.” तिने अक्षर तसेच राहू दिले.

जुन्या बाजारात जोड शोधण्यास निघणाऱ्या भगिनींसाठी या अनुभवातून काही सूचना करता येतील. वस्तू बरोबर न्यावी. नेणे शक्य नसल्यास कागदावर तिची बाह्यरेषा आणि छाप उतरवून न्यावी. चमच्याच्या पाठीचा जो भाग टेबलावर टेकतो, तो प्रथम पाहावा. तेथे पिवळसर झाक दिसली, तर मुलामा उडालेला आहे असे समजावे. सुरी घेताना मूठ कशाची आहे, याची खात्री करून घ्यावी. जुन्या सुऱ्यांच्या मुठी हाडाच्या किंवा हस्तिदंताच्याही असत. हस्तिदंताच्या व्यापारास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे आणि आपल्या घरांत तर अशा वस्तूस जागाच नाही. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम मुठीही असतात. त्यांना कढत पाणी सोसत नाही. घरी आणलेले चमचे रबराच्या पट्टीने बांधू नयेत. रबरातील गंधकाने चांदी काळवंडते. सुती फडके उत्तम. शिवाय महत्त्वाचे म्हणजे, दुकानदाराजवळ आपले नाव आणि पत्ता ठेवावा. एका माणसाच्या दोन डोळ्यांपेक्षा दहा दुकानांचे डोळे अधिक पाहतात.

त्या वर्षी पाडव्याला सासूबाईंनी स्वतः स्टुलावर चढून फडके खाली काढले. सुनेने सहावा चमचा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरील अक्षर बोटाने चाचपून पाहिले. सुनेला वाटले, आता त्या नापसंती दाखवतील. वाट्या भरल्या गेल्या. मामंजींचा झिजलेला चमचा सासूबाईंनी नातवाच्या वाटीत ठेवला आणि अक्षराचा चमचा आपल्या वाटीत. सून म्हणाली, “आई, तो परका तुम्ही कशाला घेता? मी घेते.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “राहू दे. घरात नवा आहे ना, माझ्या हाताखाली रुळेल.”

गेलेला चमचा काही परत आला नाही. तो कोठे तरी मातीखाली आहे. त्याच्या जागी आलेला दुसरा आहे आणि तो दुसरा आहे हे त्याच्यावरील अक्षर रोज सांगते. परंतु शोधाला निघालेल्या सुनेला आधी उरलेले पाच चमचे ओळखावे लागले आणि त्या ओळखीत आजेसासऱ्यांचा डावा हात सापडला. सहा चमचे कपाटात पूर्ण होते, तोवर त्या घरात ही गोष्ट कोणी कोणाला सांगितली नव्हती. सासूबाईंच्या मागे ती कोणाला कळलीही नसती.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा अपुरा संच वरच्या कप्प्यात बांधून ठेवलेला असेल. आज घरी गेल्यावर तो खाली काढावा, मोजावा आणि घरातील सर्वांत वडील माणसाशेजारी बसून एकेक नग हातात घेऊन पाहावा. जोड मिळेल किंवा न मिळेल. ते बाजाराच्या हाती आहे. विचारणे मात्र आपल्या हाती आहे आणि ज्यांना विचारावयाचे, ती माणसे आज घरात आहेत.